थंड डोंगरी जंगलात आरव्ही घेऊन राहायचं तर

आरव्हीतल्या, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीतल्या, आमच्या पहिल्या मुक्कामाला पहाटे मला जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. बाहेर पाऊस नव्हता आणि छतही गळत नव्हतं. रात्रभर आम्ही दोघांनी सोडलेला श्वास छताच्या गार पत्र्याला लागून त्याचं पाणी झालं होतं आणि तेच खाली टपकत होतं. बाहेर चार अंश तापमान होतं. थंडी वाजू नये म्हणून आम्ही खिडक्या, झरोके, दाराखालची फट, सगळं बंद करून झोपलो होतो. उजाडल्यावर गादी उचलली तर खालची फळी ओलीगच्च. गादीच्या तळाला हात लावला तर पिळता येईल इतकं पाणी.

त्यानंतर उंचावरच्या जंगलांत बरेच मुक्काम झाले आणि माझं मत पक्कं झालं. आरव्हीत थंडीवर उपाय सापडतो. अंगावर आणखी एक पांघरूण घेता येतं, हीटर वाढवता येतो. माणसाला आणि गाडीला खरा त्रास देतात त्या ओल आणि कोंडलेली हवा. पुढे जे लिहिलं आहे त्यात उतारावरचे ब्रेक आहेत, बॅटरी आहे, गॅस आहे, पण सगळ्यात जास्त वेळ मी या दोघींवर घालवणार आहे.

आधी रात्रीचं तापमान काढा

हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा जवळच्या गावाचा असतो आणि आपला मुक्काम त्या गावाच्या बराच वर असतो. दर १,००० मीटर चढाला हवा सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. गावात रात्रीचं तापमान १० अंश दाखवत असेल आणि तुम्ही तिथून १,२०० मीटर वर राहणार असाल, तर साधारण २ अंश धरा. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर आणखी दोन-तीन अंश कमी करा. म्हणजे गावात स्वेटर पुरणार असला तरी वर पारा शून्याला टेकतो.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा. रात्र शून्याच्या वर राहणार की खाली जाणार, यावर पाण्याची नळी, बॅटरी, गॅस आणि डिझेल या चारही गोष्टींचं नियोजन ठरतं.

मुक्कामाची जागा २,५०० मीटरच्या वर असेल तर शरीराचाही विचार करा. एका दिवसात थेट तिथे पोहोचून झोपण्यापेक्षा वाटेत मधल्या उंचीवर एक रात्र काढलेली बरी. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा कमालीचा थकवा आला तर आणखी वर जायचं नाही. आराम पडत नसेल तर खाली उतरायचं. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर उजाडायची वाट न पाहता उतरायला लागा आणि वैद्यकीय मदत मिळवा.

निघण्याआधी गाडी

सगळी यादी देत बसत नाही, डोंगरासाठी खास म्हणून जे पाहायचं तेवढंच सांगते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्यात पाणी मुरलं की ते कमी तापमानाला उकळतं आणि लांब उतारावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडतं. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या.

टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून समाधान मानू नका. आरव्ही वर्षातले बरेच दिवस उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबरावर बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर घेऊन घाटात जाऊ नका. हवेचा दाबही थंडीत उतरतो. ६५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंश घसरलं की अडीच-तीन पीएसआय कमी होतात. म्हणून वर पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाब पुन्हा तपासा.

सामान भरून झालं की गाडी वजनकाट्यावर नेऊन या. पाणी, गॅस, माणसं, सगळ्यासकट. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ते वर भरायची सोय असेल तर खालून भरून नेऊ नका.

गाडीची उंची मोजा, छतावरचा पंखा आणि सोलर पॅनेल धरून, आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. जंगलातल्या रस्त्यावर झुकलेली फांदी समोर आली की तो आकडा आठवत बसायला वेळ नसतो.

डिझेल गाडी असेल आणि कडाक्याची थंडी पडणार असेल तर टाकी खालीच गच्च भरून नेऊ नका. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. थंड प्रदेशातल्या पंपांवर हिवाळ्यात वेगळं, न गोठणारं डिझेल मिळतं. पोहोचता पोहोचता ते भरून घ्या.

आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म. याबद्दल पुढे आहेच, पण तो नसेल तर तो आणेपर्यंत निघायचंच नाही, हे इथेच सांगून ठेवते.

गॅस कोणता, किती

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं आणि ते प्रमाण जागोजाग बदलतं. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, प्रोपेन उणे ४२ अंशांना. याचा अर्थ सरळ आहे. शून्याच्या आसपास ब्युटेन सिलिंडरच्या तळाशी द्रवरूपातच पडून राहतं आणि त्याचा वायू होत नाही. सिलिंडर हलवलं तर आत खळखळ ऐकू येते आणि शेगडी मात्र पेटत नाही. थंड जागी जाताना प्रोपेन, किंवा प्रोपेन जास्त असलेलं मिश्रण मागून घ्या.

किती लागेल याचा अंदाज असा. गाडी आतून गरम ठेवणारी साधारण ६ किलोवॅटची गॅसभट्टी सलग चालली तर तासाला अर्ध्या किलोच्या जवळपास गॅस खाते. थंड रात्री ती निम्मा वेळ चालते असं धरलं तर दहा तासांत सव्वादोन ते अडीच किलो. पाच किलोचं सिलिंडर दोन रात्रींत संपतं. लहान व्हॅनला यापेक्षा खूप कमी पुरतं. डिझेलवरचा दोन किलोवॅटचा हीटर रात्रभरात एक-दोन लिटर डिझेलवर भागवतो. पण तो घेताना एक गोष्ट विचारून घ्या. १,५०० मीटरच्या वर हवा विरळ होते, तिथे साधा डिझेल हीटर काजळी धरतो आणि काही दिवसांत बंद पडतो. उंचीनुसार इंधन कमी करायची सोय असलेला हवा.

वीज मोजून घ्या

जंगलात सोलर पॅनेलवर विसंबून राहू नका. दाट झाडीखाली पॅनेलमधून मोकळ्या उन्हातल्या विजेचा दहावा हिस्सासुद्धा मला मिळालेला नाही. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज पडते.

एका रात्री-दिवसाचा हिशेब करून पाहू. भट्टीचा पंखा ७ अँपिअर ओढतो. रात्री पाच तास चालला तर ३५ अँपिअर-तास. कॉम्प्रेसरचा फ्रीज थंडीत कमी चालतो, तरी २५ ते ३० धरा. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून १०. झाले ७० ते ७५. आता १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, आणि शून्य अंशाला तिची ताकद एक पंचमांशाने आणखी घटते. म्हणजे ती पहाटेपर्यंतही पुरणार नाही. तेवढ्याच लिथियम बॅटरीवर एक दिवस-रात्र निघते.

लिथियमचं पथ्य एकच, पण ते काटेकोर पाळायचं. सेलचं तापमान शून्याखाली असताना तिला चार्ज करायचं नाही. थंड सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. वीज काढून घ्यायला हरकत नसते. चांगल्या बॅटरीत हे आपोआप रोखणारं सर्किट असतं, ते आहे का हे विकत घेताना विचारा. शक्य असेल तर बॅटरी बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत, पलंगाखाली ठेवा.

सावलीच्या मुक्कामात खरा आधार इंजिनाचा. इंजिनावरून घरातली बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा चार्जर बसवला असेल तर दोन तासांच्या प्रवासात ६० अँपिअर-तास भरतात. म्हणून मी जंगलात सलग तीन रात्री एका जागी राहत नाही. दोन रात्रींनंतर तासा-दोन तासांवरच्या दुसऱ्या जागी जायचं, वाटेत बॅटरी भरते आणि नवी जागाही पाहून होते.

चढ आणि उतार

चढावर घाई करू नका, एवढं पुरे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे गाडी हळू चढते म्हणजे बिघडली असं नव्हे. कूलंटचा काटा वर सरकू लागला तर खालचा गिअर टाका, एसी बंद करा, केबिनचा हीटर पूर्ण चालू करा. मागे वाहनांची रांग लागली तर रुंद जागा पाहून बाजूला व्हा.

उतार मात्र नीट समजून घ्या. साडेतीन टनांची गाडी १,००० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ३.४ कोटी जूल ऊर्जा मोकळी होते. साध्या पाण्याचे १०० लिटर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क तापून लाल होतात, पॅड पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात तेच करा: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, मध्येच नव्हे. ऑटोमॅटिक गाडीत हाताने गिअर धरून ठेवायची सोय असते, ती घरीच शिकून घ्या. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप राखणारी सोय, बंद. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की जोरात, पण थोडाच वेळ ब्रेक दाबून वेग ताशी दहा किलोमीटरने खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. डिस्कला त्या मधल्या वेळात वारा लागतो.

एकदा एका लांब उतारावर मला करपल्यासारखा, तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रबराचा मिळून असतो तसा वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं तेव्हा कळलं की वास आपलाच आहे. पहिल्या गिअरमध्ये आणून गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास तशीच उभी ठेवली. अशा वेळी चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नका. तो बहुधा मागच्या चाकांच्या त्याच तापलेल्या भागांना आवळतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.

जागा निवडताना

जागेवर उजेडात पोहोचायचं. अंधार पडण्याआधी दोन तास हातात हवेत. मनासारखी जागा नसेल तर दुसरी शोधायला तेवढा वेळ लागतो.

गाडीतून उतरल्यावर आधी वर पाहा. वाळलेल्या फांद्या, अर्धवट मोडून शेजारच्या झाडात अडकलेली खोडं, एका बाजूला कललेलं झाड, बुंध्यावर उगवलेली अळंबी. अळंबी म्हणजे झाड आतून कुजत असल्याची खूण. असं झाड वारा नसतानाही पडू शकतं. वाळलेल्या झाडाच्या उंचीइतक्या अंतरात गाडी लावायची नाही.

मग खाली पाहा. सूचिपर्णी जंगलात पानांच्या जाड थराखाली काय आहे ते दिसत नाही. टाच रोवून वजन द्या. खड्ड्यात पाणी पाझरलं तर तिथे तीन टनांची गाडी उद्या निघणार नाही, विशेषतः रात्री पाऊस झाला तर.

ओढ्याकाठची सपाट जागा दिसायला सुंदर असते, पण मी तिथे राहत नाही. एक तर वर कुठेतरी झालेल्या पावसाने रात्रीत पाणी वाढू शकतं. दुसरं, थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून वाहत येऊन दरीच्या तळाशी साचते. तळापासून थोडं वर, उताराच्या अंगावर, हवा काही अंशांनी उबदार असते आणि धुकंही कमी असतं. पहाटे वरून खाली पाहिलं तर पांढऱ्या धुक्याचं तळं भरलेलं दिसतं, त्याचा काठ कुठे आहे ते लक्षात ठेवा. पुढचा मुक्काम त्या काठाच्या वर लावा. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर राहावं, हा निसर्ग जपण्याचा नियमही त्यात आपोआप पाळला जातो.

पूर्वेची बाजू मोकळी असलेली जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. सकाळचं ऊन तासभर आधी गाडीवर आलं की काचा सुकतात, अंथरुणं वाळवता येतात.

गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. आधी गाडी आडवी-उभी सपाट करून घ्या. फरशीवर पाणसळ ठेवली की कळतं. लेव्हलिंगच्या पाचरींवर चढवायची, हँडब्रेक लावायचा, चाकांना ठोकळे लावायचे आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे टेकू टेकवायचे. टेकू गाडी उचलण्यासाठी नसतात, ती हलू नये म्हणून असतात. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज असेल तर सपाटी आणखी महत्त्वाची, कारण गाडी कललेली असली की त्यातलं द्रावण नीट फिरत नाही आणि फ्रीज थंड होत नाही.

रात्र: ऊब ठेवा, हवा सोडा

झोपेत दोन माणसं श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. त्यात स्वयंपाकाची वाफ, ओले बूट, दोरीवर टांगलेलं जॅकेट. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गॅस जळतानाही पाणी तयार होतं. एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाण्याची वाफ होते. शेगडी पेटवून गाडी गरम करणारा माणूस ऊब आणि ओल दोन्ही एकदम आत आणतो, आणि विषारी वायूचा धोका वेगळाच.

आत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव जमतं. बाहेर ५ अंश असताना काच, खिडकीची चौकट, छताचे स्क्रू, पलंगाखालची फळी, हे सगळं १२च्या खालीच असतं.

खिडकी उघडली तर बाहेरचं धुकं आत येऊन ओल वाढेल, असं वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात उलट घडतं. ५ अंशांची हवा, धुक्याने पूर्ण भरलेली असली तरी, एका घनमीटरमध्ये ७ ग्रॅमच्या आतच वाफ बाळगते. २० अंशांची हवा १७ ग्रॅम बाळगू शकते. ती थंड दमट हवा आत येऊन गरम झाली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. म्हणजे ती कोरडी होते आणि गाडीतली ओल उचलून घेऊन बाहेर जाते. धुक्यातही झरोका उघडा ठेवायचा तो यासाठी.

मी रात्री असं करते. स्वयंपाक करताना छताचा पंखा बाहेर हवा फेकणारा, आणि जवळची खिडकी चार बोटं उघडी. भांड्यावर झाकण. झोपताना छताचा झरोका दोन बोटं, आणि खाली विरुद्ध टोकाची खिडकी एक बोट. गरम दमट हवा वरून जाते, ताजी खालून येते. भट्टी पूर्ण बंद न करता १२ ते १४ अंशांवर ठेवते. अधूनमधून चालू झाली की भिंती फार गार पडत नाहीत. काचांना आतून उष्णतारोधक पडदे लावते. गादीखाली फळीऐवजी फटी असलेल्या पट्ट्या किंवा जाळीचा थर असावा, म्हणजे खालून हवा फिरते. ओले कपडे न्हाणीत टांगते, तिथला झरोका उघडा आणि दार बंद. सकाळी फडक्याने काचा पुसायच्या आणि फडकं बाहेर पिळायचं. त्यातून निघणारं पाणी एकदा मापाने मोजून पाहा, म्हणजे झरोका का उघडा ठेवायचा हे घरातल्या सगळ्यांना पटेल.

आता कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. त्यामुळे काही गोष्टींवर तडजोड करायची नाही. शेगडी, कोळशाची शेकोटी, ज्याचा धूर आतच सुटतो असा कोणताही हीटर झोपताना पेटता ठेवायचा नाही. विझत आलेले निखारेसुद्धा आत आणायचे नाहीत, तेच सगळ्यात जास्त हा वायू सोडतात. भट्टी बाहेरून हवा घेणारी आणि बाहेर धूर सोडणारीच हवी. तिच्या धुराच्या नळीसमोर बर्फ किंवा पानं साचली नाहीत ना, हे रोज संध्याकाळी पाहायचं. जनरेटर झोपेच्या वेळी चालवायचा नाही, आपला नाही आणि शेजाऱ्याचाही नाही, त्याला जाऊन सांगायचं. अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा, आणि त्याच्या मागे छापलेली मुदत वाचा. या अलार्मचं आयुष्य पाच ते दहा वर्षंच असतं. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो. तो फरशीजवळ लागतो, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली बसतो.

घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, पेंग आली, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा. मोकळ्या हवेत आल्यावर मदत बोलवा.

पाणी

पाणी गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं आणि नळ, पंप, गाळणी फोडतं. गाडीत सगळ्यात आधी गोठते ती बाहेरून जोडलेली नळी. एका सकाळी आमची नळी उचलली तर ती काठीसारखी ताठ होती, आणि वाकवल्यावर आतल्या बर्फाचा कडकड आवाज झाला. तेव्हापासून संध्याकाळी टाकी भरून घ्यायची, नळी सोडवायची, दोन्ही टोकं उंच धरून रिकामी करायची आणि आत ठेवायची.

थोडीशीच थंडी असेल तर सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे गरम हवा पाइपांपर्यंत जाते. सांडपाण्याच्या टाकीची झडप गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते आणि तीही गोठते. रात्री बरंच शून्याखाली जाणार असेल आणि टाक्या गरम ठेवायची सोय नसेल, तर सगळी यंत्रणा रिकामी करा आणि कॅनमधल्या पाण्यावर राहा. पाइपात न गोठणारं द्रव घालायचं असेल तर आरव्हीच्या पाण्यासाठीच बनवलेलं, प्रोपिलीन ग्लायकॉलचं घ्या. इंजिनात घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विष आहे.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्यायचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,००० मीटरवर ९० अंशांनाच, म्हणून वेळ वाढवायची. याच कारणाने तिथे अन्न शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर सोबत असेल तर गॅसही वाचतो आणि वाफही कमी होते.

आग, अन्न, शेजारी प्राणी

शेकोटी परवानगी असलेल्या जागीच, आणि बाजूच्या उलगडत्या छपराखाली कधीच नाही. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा. ऊब लागत असेल तर ती विझलेली नाही.

जळण घरून नेऊ नका. लाकडाच्या सालीखाली किडे आणि त्यांच्या अळ्या असतात आणि आपल्या गाडीतून त्या नव्या जंगलात पोहोचतात. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा उत्तर अमेरिकेत २००२ साली पहिल्यांदा ओळखला गेला. त्याने तिथले कोट्यवधी ॲश वृक्ष मारले, आणि दूरदूरच्या भागांत तो पोहोचला तो मोठ्या प्रमाणात जळणाच्या लाकडातून. ज्या जंगलासाठी आपण एवढ्या लांब जातो त्याच्याशी असं व्हायला नको. लाकूड मुक्कामाजवळच घ्या.

अस्वलांचा भाग असेल तर तिथल्या वनखात्याचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी गाडीतही अन्न ठेवायला मनाई असते आणि लोखंडी पेट्या दिलेल्या असतात. दंतमंजन, साबण, कचरा हे सगळं अस्वलाला अन्नच वाटतं. उंदीर त्याहून नेहमीचे. थंडी पडली की ते ऊब शोधत पाइपांच्या फटींतून आत येतात आणि वायरी कुरतडतात. फटी स्टीलच्या काथ्याने बुजवा. गवतातून फिरून आल्यावर अंगावर गोचीड पाहा. चिकटली असेल तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. जाळायची नाही, तेल लावायचं नाही.

विजा चमकत असतील तर धातूच्या पत्र्याची गाडी चांगला आसरा आहे. फायबरच्या शरीराची असेल तर पुढच्या केबिनमध्ये बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा.

निघताना

उठल्या उठल्या छतावर चढून पाहा किंवा शिडीवरून डोकवा. स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, असेल तर त्याच्या माथ्यावरची पानं आणि बर्फ झाडूनच ते आत घ्या, नाहीतर सगळा चिखल रबरी पट्टी फाडत घरात येतो. बाजूचं छप्पर ओलं गुंडाळावं लागलं तर दोन दिवसांच्या आत उघडून वाळवा.

मैल्याची टाकी आणि सांडपाणी ठरवून दिलेल्या केंद्रावरच रिकामं करायचं. आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. साबणाचं पाणी झाडाखाली ओतलं तर काय बिघडतं असं म्हणणारे भेटतात. जंगलातली माती साबण पचवायला बसलेली नाही आणि पाऊस ते ओढ्यात नेतो.

मग गॅस बंद, झरोके बंद, पायरी आत, टेकू वर, ठोकळे काढलेले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी, हात पाठीमागे बांधून, सावकाश. गाडी दहा मीटर पुढे घ्या, थांबा, उतरा आणि जिथे उभी होती ती जागा पाहा. राहिलेली पाचर, टेंटची खुंटी, जमिनीवर पडलेला तेलाचा डाग, सगळं इथे दिसतं.

घरी पोहोचल्यावर कितीही दमलेले असलात तरी त्याच दिवशी गाद्या उभ्या करा, सगळी कपाटं आणि ड्रॉवर उघडा, फ्रीजचं दार फडकं अडकवून उघडं ठेवा, आणि छताचा झरोका दोन बोटं वर करून गाडीला कुलूप लावा.